काडीवाल्या बाई

सरोज कानडे यांचं नाव काढलं की आमच्या कॉलेजातले लोक अजून विचारतात, "त्या चिडक्या बाई ना?" चिडक्या होत्या खऱ्या. माझ्यावर तर त्या पहिल्याच दिवशी, धड ओळख व्हायच्या आत ओरडल्या होत्या.

मी बीडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. त्या पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होत्या. कोरड्या भागातली झाडं जमिनीतलं नेमकं कुठलं पाणी पितात, वरच्या थरातलं की खोलवरचं, हा त्यांचा अभ्यास. त्यासाठी त्यांनी शिरूर कासार तालुक्यातलं एक गाव निवडलं होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ह्यातली माणसं अजून तिथेच राहतात. इकडचा माहितगार म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. शिवारात पोचल्यावर त्यांनी सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, कडुनिंबाची बोटभर जाडीची काडी छाटली आणि तिची साल सोलायला घेतली. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "मॅडम, आपलं मूळ गाव कुठलं?" त्यांनी उत्तर दिलं नाही. काडीचे तुकडे काचेच्या बाटलीत टाकले, झाकण पिळून बसवलं, वरून मेणाची पट्टी गुंडाळली, बाटली बर्फाच्या पेटीत ठेवली आणि मग माझ्याकडे वळल्या.

"माझ्या हातात काडी असताना माझ्याशी बोलायचं नाही. पाणी उडतं."

आवाज असा, की पलीकडच्या शेतातला माणूस वाकलेला होता तो उभा राहिला. परतताना जीपमध्ये, जणू मधे काही झालंच नाही अशा सुरात त्या म्हणाल्या, "सांगोला. तुमचं?"

उंच बाई, खांद्यात जराशा वाकलेल्या. सुती सलवार-कमीझ, पायात जाड बूट, चष्म्याला दोरी. कुठल्याही पाण्याकडे त्यांना सरळ बघताच यायचं नाही. मांजरसुंब्याच्या धाब्यावर पोऱ्याने पाण्याचे पेले आणून ठेवले की त्या विचारायच्या, "हे कुठलं?" पोऱ्या म्हणायचा, फ्रीजमधलं. "फ्रीजमध्ये कुठून आलं?" टाकीतून. "आणि टाकीत?" मग तो मालकाला बोलवायचा, मालक कपाळाला आठ्या घालून सांगायचा की बोअरचं हाय, निवांत प्या. त्यांचं समाधान झालं की त्या पेला एका दमात संपवायच्या. लोकांना वाटायचं बाईंना पोटाची भीती आहे. त्यांना फक्त पाण्याचा ठावठिकाणा हवा असायचा.

गावाने त्यांचं नाव काडीवाल्या बाई ठेवलं. त्यांना ते आवडायचं.

गावच्या गायरानाला लागून दिनकररावांची मोसंबीची बाग होती. दिनकरराव गावातलं मोठं प्रस्थ. जमीन भरपूर, पंचायत त्यांच्या शब्दावर चालायची. बाग आणि गायरान यांच्या मधल्या बांधावर बाभळी आणि कडुनिंबांची जुनी रांग होती. मॅडमच्या निम्म्या काड्या ह्याच रांगेतल्या. त्या रांगेखाली दुपारी साळूबाई आपली शेळ्यामेंढ्यांची खांडं बसवायची. तिचं घर गायरानाच्या कडेलाच. उन्हाळ्यात सगळीकडचं गवत संपलं की बाभळीच्या शेंगांवर तिची जितराबं जगायची. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे सगळं ती एकटीच बघायची.

एकदा साळूबाईने त्यांना विचारलं, की बाई, ह्या काड्या नेऊन करता काय? मॅडम तिच्यासमोर चक्क मातीत बसल्या. मला वाटलं आता अवघड होणार, कारण स्थिर समस्थानिक हा शब्द माझ्या बी.एस्सी.च्या मुलांनाही नीट उच्चारता येत नाही. पण त्यांनी तो शब्द घेतलाच नाही. त्या म्हणाल्या, की पाण्यात दोन जातीचे कण असतात, जास्त करून हलके आणि थोडेसे जड. चवीला, दिसायला सारखेच. ऊन लागलं की हलके आधी उडून जातात आणि जड मागे राहतात, उफणताना भुसा उडतो आणि दाणा पाटीशी पडतो तसं. म्हणून जमिनीच्या वरच्या थरातलं पाणी उन्हाने जड झालेलं असतं. खोल मुरमात मुरलेल्या पाण्याला ऊन लागत नाही, ते हलकंच राहतं. झाडाची मुळं पाणी ओढताना निवड करत नाहीत, जसं असेल तसं ते वर चढतं. काडीतलं पाणी काढून यंत्रात तपासलं, की झाडाचं तोंड कुठल्या थराला लागलंय ते कळतं.

साळूबाईने जरा विचार केला. "म्हंजी झाड काय प्यालं ते काडी सांगती."

"सांगते," मॅडम खूश होऊन म्हणाल्या. "आणि काडी खोटं बोलत नाही."

हे वाक्य त्या सगळीकडे म्हणायच्या. वर्गात, जीपमध्ये, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसमोर. त्या वाक्यात विज्ञानाबद्दलचा विश्वास होता तसा स्वतःबद्दलचा अभिमानही होता, कारण काडी खोटं बोलत नाही ती नीट हाताळली तरच, आणि आपल्याइतकं नीट ती कोणी हाताळत नाही याबद्दल त्यांना शंका नव्हती. एका परिषदेत मी त्यांचं हे रूप पाहिलं. विदर्भातला एक तरुण संशोधक सागाच्या झाडांवरचं काम मांडत होता. बिचारा मन लावून बोलत होता. त्याचं झाल्यावर मॅडम उठल्या आणि त्याला विचारलं, की बाटल्या भरल्यावर आणि उघडण्याआधी, दोन्ही वेळा वजन केलं होतं का? तो म्हणाला, नाही. "मग तुमचं पाणी वाटेतच उडालंय," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही आम्हाला झाडाच्या नावावर बाटलीची गोष्ट सांगताय." सभागृह हसलं. तो खाली बघून कागद गोळा करत राहिला. जेवणाच्या वेळी मी म्हटलं की फार लागलं असेल त्याला. त्या म्हणाल्या, "लागायलाच हवं. त्याशिवाय लक्षात राहत नाही."

पहिल्या उन्हाळ्यातल्या काड्या घेणं चालू होतं तेव्हाच दिनकररावांची बाग सुकत चालली होती. त्यांना मनापासून वाटत होतं की बांधावरची झाडं बागेचं पाणी ओढतात. झाडं अर्धी गायरानातली, म्हणून तोडायची तर ग्रामसभेचा ठराव लागणार, आणि साळूबाईचा त्याला विरोध होता. ती म्हणायची, कुऱ्हाड आली तर मी बुंध्याला बसते, आधी मला तोडा. गावातले निम्मे लोक तिच्या बाजूचे होते. शेवटी दिनकरराव म्हणाले, आपण भांडायचं कावून? काडीवाल्या बाईला विचारू. ती सांगेल ते मान्य.

साळूबाईनेही मान डोलावली.

मारुतीच्या देवळासमोर ग्रामसभा भरली. मॅडम निकालाचा कागद घेऊन बोलायला उभ्या राहिल्या. सुरुवातीला त्या नेहमीसारख्याच नेटाने बोलल्या: हा एकाच ऋतूचा निकाल आहे, अजून एक उन्हाळा बघायला हवा. दिनकरराव हात जोडून म्हणाले, "मॅडम, बाग तवर थांबत न्हाई. तुमची काडी काय म्हणती तेवढं सांगा. वरचं पितंय का खालचं?"

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "वरचं. बागेच्याच थरातलं."

ठराव झाला. साळूबाई उठून, पदर झाडून निघून गेली. झाडं तोडली त्या दिवशी आम्ही गावात नव्हतो. पुढच्या खेपेला गेलो तर बांध लांबूनच वेगळा दिसला, एखाद्या ओळखीच्या माणसाने मिशा काढल्यावर दिसतो तसा. मॅडम जीपमधून उतरून सरळ कामाला लागल्या. नोंदी घेतल्या, गिरमीट मातीत फिरवून खोलीखोलीची माती काढली, आणि गायरानात आतल्या बाजूला त्याच जातीची जी थोडी झाडं वाचली होती त्यांच्या काड्या घेतल्या. तो उन्हाळा साळूबाई गावात नव्हती. तिची एक बहीण चकलांब्याला दिलेली, तिकडे गोदावरीच्या अंगाला काही चारा मिळेल म्हणून ती खांडं घेऊन गेली होती. नवऱ्याला दिराच्या घरी ठेवून.

पावसाळा संपता संपता एका दुपारी मॅडम न कळवता माझ्या प्रयोगशाळेत आल्या. नुसत्या येऊन बसल्या. चहा सांगितला, तो घेतला नाही. मग पिशवीतून दोन जातीच्या रिकाम्या बाटल्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि हळूहळू सगळं सांगितलं.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या काड्या नव्या बाटल्यांत भरल्या होत्या. त्यांचं उत्तर उलटं आलं. झाडं खोल मुरमातलं पाणी पीत होती, भेगांमध्ये साठलेलं, जिथवर मोसंबीची मुळं जातच नाहीत. मग त्यांनी पहिल्या खेपेच्या उरलेल्या बाटल्या काढल्या, त्यात आधी तपासून ठेवलेलं पाणी भरलं, झाकणं लावली, मेणाची पट्टी गुंडाळली, बर्फाच्या पेटीत घालून त्याच रस्त्याने, तितक्याच उन्हात फिरवल्या. वजन केलं तर घटलेलं. झाकणातली रबराची चकती थंडीने आकसत होती. कुठूनही दिसणार नाही इतकी फट, पण पाण्याला पुरेशी. हलकं पाणी तिथून निघून गेलं होतं आणि जड मागे राहिलं होतं. "जमिनीतून उडालेलं पाणी आणि बाटलीतून उडालेलं पाणी," त्या म्हणाल्या, "यंत्राला सारखंच दिसतं."

मी म्हणालो, पण वजन तर तुम्ही नेहमी करता. त्या म्हणाल्या, नेहमी करते. त्या खेपेला ग्रामसभेची तारीख जवळ आली होती. लवकर उत्तर द्यायचं होतं. आणि माझ्या हातून बांधलेली बाटली गळेल हे माझ्या मनातच आलं नाही.

त्यांचा धीर वाढावा म्हणून मी म्हटलं, "ऋतूचाही फरक असू शकतो, मॅडम. पहिल्या वर्षी वळवाचा पाऊस झाला होता. झाडांनी खरंच वरचं पाणी घेतलं असेल. नक्की कोण सांगणार?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "हे मलाही सुचलं होतं. लेखात असं लिहिलं असतं तर कोणी शंकाही घेतली नसती. दोन रात्री मी तेच वाक्य मनात घोळवत होते." त्यांचे कान लाल झाले होते. "चूक झाली त्यापेक्षा मला त्याची जास्त लाज वाटतेय."

माझ्यासमोरच त्यांनी पहिला फोन लावला तो विदर्भातल्या त्या तरुणाला. त्याला त्यांची ओळख पटायलाच वेळ लागला असावा. मी बाहेर जायला उठलो तर हाताने बसवलं. आपल्या बाटल्या गळल्या, वजन केलं नव्हतं, आणि भर सभेत तुम्हाला जे बोलले ते विज्ञान सोडून होतं, एवढंच त्यांनी सांगितलं. पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मॅडम म्हणाल्या, "नाही नाही, ठीक कसलं आहे?" आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्या चिडायच्या बंद झाल्या. लोकांना वाटेल बरं झालं. मला ते बघवत नव्हतं. आता माझ्याकडून एखादी बाटली कलती झाली तरी त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या ती सरळ करायच्या. जीपमध्ये बांधाकडच्या खिडकीशी बसायच्या नाहीत.

गावाला सांगायचं ठरवून त्या आधी दिनकररावांकडे गेल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बागेला काही त्या तोडीने बरं वाटलं नव्हतंच, निम्मी मोसंबी त्याच वर्षी वाळली होती. ते म्हणाले, मॅडम, झालं गेलं, सभेत कशाला काढता? तुमचंबी नाव जाईल आन माझंबी. लोक म्हणतील दिनकररावानं गायरान उघडं केलं. मॅडम म्हणाल्या, तुम्ही मला प्रश्न विचारला होता, उत्तर मी दिलं. ज्या जागी दिलं त्याच जागी ते परत घ्यायला हवं. दिनकरराव सभेला आले नाहीत.

देवळासमोर तीच माणसं, तीच सतरंजी. मॅडमनी उभं राहून सांगितलं, की मागच्या वर्षी मी इथे सांगितलं ते चूक होतं. ती झाडं बागेचं पाणी पीत नव्हती. माझ्या बाटल्या गळत होत्या आणि मी त्या तपासल्या नाहीत. एवढं बोलून त्या थांबल्या. कोणाला नीट कळेना. मग मागून एकजण म्हणाला, "म्हंजी आता झाडं परत चिटकवायची का काय?" लोक हसले. साधं, गावचं हसणं, फारशा वाईट भावाचं नव्हतं, पण लांबत गेलं. मॅडम हसणं पूर्ण संपेपर्यंत उभ्या राहिल्या. त्यांचा हात चष्म्याच्या दोरीला धरून होता. मग म्हणाल्या, "नाही. ते करता येत नाही." आणि बसल्या.

साळूबाई सभेत नव्हती. चकलांब्याहून ती नुकतीच परतली होती, खांडं निम्म्यावर आली होती. आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा ती दारात शेळीच्या खुरातला काटा काढत होती. मॅडमनी तिला पुन्हा सगळं सांगितलं, हलकं पाणी, जड पाणी, झाकण. तिने शेळीचा पाय सोडला नाही.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मला ते जड-हलकं ऱ्हाऊ द्या. आमी त्यातलं काय जाणावं. मलाबी वाटलं, पीत आसतील बागेचं. तुमी म्हणल्या म्हणून मी आडवी आले न्हाई. न्हाईतर बसले आसते बुंध्याला." काटा निघाला. तिने तो बोटावर धरून पाहिला आणि फेकला. "कुऱ्हाडीचा आवाज हितं घरात येत व्हता. मी म्हणलं, काडीवाली बाई खोटं कावून बोलंल."

माफी मागायला आलेल्या माणसाने म्हणायचं वाक्य मॅडमजवळ होतं, ते मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण बाहेर आलं नाही. साळूबाई म्हणाली, "बसा. शेळ्या पाजून येते." ती गेली ती तास झाला तरी आली नाही. मॅडम दारातल्या उन्हात बसून राहिल्या. सावलीत सरका म्हटलं तर नको म्हणाल्या. साळूबाई परत आली तेव्हा तिने त्या अजून बसलेल्या पाहिल्या, आत गेली, आणि घडी घातलेलं पोतं आणून त्यांच्या पुढ्यात टाकलं. त्या दिवशी एवढंच झालं.

छापायला गेलेला लेख त्यांनी मागे घेतला. संस्थेतले वरिष्ठ नाराज झाले, पुढचं काम दुसऱ्यांकडे गेलं. त्यांची निवृत्ती जवळच आली होती. तरी स्वतःच्या रजेत त्या एसटीने येत राहिल्या. कामासाठी येतात असं म्हणावं तर आता त्यांच्याकडे बर्फाची पेटीही नसायची. बांधावरच्या बाभळी गेल्या त्या गेल्याच, पण कडुनिंबाच्या खोडांना धुमारे फुटले होते, लालसर, हातभर. ते पहिल्यांदा दिसले तेव्हा मी म्हटलं, मॅडम, ह्यांचीही काडी घेऊ या, तोडलेल्या झाडाची मुळं आता कुठलं पाणी घेतात ते कळेल. प्रश्न चांगला होता, त्यांनाही पटला. त्या खोडापर्यंत गेल्या, उकिडव्या बसल्या, धुमाऱ्याला बोट लावलं. मग उठून म्हणाल्या, "ह्यांची नको."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच बांधावर. पुढच्या हिवाळ्यात त्या सांगोल्याला भावाकडे कायमच्या राहायला गेल्या, आणि माझंही जाणं झालं नाही. त्या दिवशी मला कॉलेजच्या कामातून उशीर झाला होता. मी रस्त्याला गाडी लावून बघितलं, तर त्या आणि साळूबाई दोघी मिळून खोडांभोवती काट्यांचं कुंपण घालत होत्या. शेळ्या कोवळे धुमारे ठेवत नव्हत्या, आणि शेळ्या साळूबाईच्याच होत्या. बाभळींचे वाळलेले शेंडे बांधाखाली पडून होते, तेच ओढून आणून त्या रचत होत्या. साळूबाई मधूनच टोकायची, बुडाकडून धरा, हात फाटंल. मॅडम मुकाट्याने बाजू बदलायच्या.

एवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबला. शिरूरकडचा असावा, कपड्यांवरून कुठल्याशा कंपनीचं बियाणं विकणारा. पाय टेकवून त्याने सहज विचारलं, की मावशी, काय चाललंय? साळूबाईने मान वर केली नाही. मॅडम सरळ उभ्या राहिल्या, आणि कुठलंही उत्तर चाललं असतं तिथे म्हणाल्या, "इथली झाडं माझ्या चुकीने तुटली. उरलंय ते राखतोय."

त्याला काही उमगलं नाही. तो बरं बरं म्हणाला आणि किक मारून निघून गेला. धुरळा खाली बसेपर्यंत दोघी तशाच होत्या.

"त्याला कावून सांगितलं?" साळूबाईने विचारलं. "त्यो काय आपल्या गावचा न्हाई."

"म्हणून तर. त्याला माहीत नव्हतं."

साळूबाईने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग वाकून पुढची फांदी उचलली आणि बुडाची बाजू त्यांच्याकडे केली.

"धरा. आजून दोन खोडं ऱ्हायलीत."